स्विफ्ट ट्रॅकवर: पाचव्या लॅपला ब्रेक पेडल खाली जातं, टायरच्या कडा खाल्ल्या जातात. पैसे इंजिनावर घालू की आणखी कशावर?

दुसरा_गिअर (पुणे)

गाडी २०१३ ची स्विफ्ट पेट्रोल, १.२ लिटर के-सिरीज, पूर्ण स्टॉक (कंपनीतून आली तशी), फक्त १५ इंची बाहेरचे अलॉय, १८५/६५ टायर. वापर: एरवी ऑफिस, अधूनमधून कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे. पुढच्या सीझनला क्लब पातळीवरच्या नवशिक्यांच्या गटात उतरायचा विचार आहे. गाडी इथूनच चालवत नेतो आणि चालवतच परत आणतो, ट्रेलर नाही.

सध्याची लक्षणं अशी. चौथ्या-पाचव्या जोरदार लॅपला ब्रेक पेडल मऊ पडतं आणि बरंच खाली जातं. पिटमध्ये वीस मिनिटं उभी केली की पुन्हा ठीक वाटतं. पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा खाल्ल्या गेल्यात, डाव्याची जास्त. लांब उजव्या वळणात एक-दोनदा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला.

बजेट साठ हजारांच्या आसपास. गॅरेजवाल्याचं म्हणणं, ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), एअर इंटेक आणि फ्री-फ्लो एक्झॉस्ट करून टाका, गाडी उडेल. शिवाय रोल केज (गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवायचा पाइपांचा सांगाडा) आणि फोर-पॉइंट बेल्टही घालू का? नेमकं कुठून सुरुवात करावी?

तेलकट_हात

गाडी उडेल हे खरं, पण पाचव्या लॅपला ती थांबणार नसेल तर उडून कुठे जाणार? रिमॅप आणि फ्री-फ्लो बाजूला ठेवा. नॅचरली अॅस्पिरेटेड (टर्बो नसलेल्या) १.२ मध्ये त्याने हाती फार थोडी ताकद लागते, आणि तेवढ्यासाठी बहुतेक क्लबांत तुमचा गट बदलू शकतो. स्टॉक गटातून थेट मॉडिफाइड गटात गेलात तर समोर पूर्ण उघडलेली इंजिनं असतील.

ब्रेकची लक्षणं आधी नीट वाचा, कारण तीन वेगवेगळे आजार एकसारखेच भासतात. पेडल मऊ आणि खोल जातं म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. वाफ दाबली जाते, पिस्टन हलत नाही. पेडल दगडासारखं घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गेलेत. आणि कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेल्यावर पहिल्यांदा पेडल लांब जातं, दुसऱ्यांदा दाबलं की लगेच बरोबर येतं, तर व्हील बेअरिंगमध्ये प्ले आहे आणि डिस्क पॅडला मागे ढकलतेय. तुमचं पहिलं प्रकरण दिसतंय. थंड झाल्यावर पेडल परत येतं यावर विसंबू नका. एकदा उकळलेलं ऑइल पुन्हा उकळायला कमी वेळ घेतं, ते बदलल्याशिवाय पुढचं सेशन नाही.

आकडे पाहा. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ३ चा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४० अंश. डॉट ४ चा २३० आणि १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. दुसरा आकडा ३.७ टक्के पाणी शोषलेल्या ऑइलचा असतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन वर्षं पडून राहिलेलं ऑइल तिकडे सरकलेलंच असतं. नुसतं ताजं डॉट ४ घातलंत तरी फरक कळेल. रेसिंगचं डॉट ४, ज्याचा कोरडा उकळबिंदू ३०० च्या वर असतो, ते घातलंत तर प्रश्नच मिटेल, फक्त ते दर सीझनला बदलावं लागतं. डॉट ५ मात्र घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसला चालत नाही. नावं सारखी असल्याने दुकानात हमखास घोळ होतो.

बदलायला एक लिटर पुरतं. आधी रिझर्व्हॉयरमधलं जुनं ऑइल सिरिंजने काढून नवं भरा, मग चाकांकडे जा. चाकांचा क्रम सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तोच धरा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल (चाकाजवळचा, ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) पाव फेरा सैल करायचा, ऑइल आलं की बंद, आणि मगच पेडल सोडायचं. निपल उघडा असताना पेडल सोडलं की हवा आत ओढली जाते. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत नेऊ नका: मास्टर सिलेंडरचे रबर एरवी जिथे जात नाहीत त्या गंजलेल्या भागावर घासून फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रिझर्व्हॉयर रिकामा होऊ द्यायचा नाही, दर पाच-सहा दाबांनंतर बघायचं. ते ऑइल रंग खातं, पाण्याची बादली शेजारी ठेवा.

मागच्या ड्रमचे लायनरही सेट करून घ्या. ते सैल असले तरी पेडल लांब जातं आणि माणूस पुढच्या ब्रेकला दोष देत बसतो.

तेलकट_हात

पॅडबद्दल राहिलं. रोडचा पॅड साधारण ३५०-४०० अंशांपर्यंत तग धरतो. ट्रॅक डे आणि रोड दोन्हीसाठी बनवलेला मधला कंपाउंड घ्या. पक्का रेसिंग पॅड सकाळी थंड असताना धरत नाही, आणि गाडी तुम्ही बाराशे किलोमीटर चालवत नेणार आहात. निम्म्याहून कमी जाडीचा पॅड ट्रॅकवर नेऊ नका. पातळ पॅड उष्णता थेट पिस्टनला, म्हणजे ऑइलला देतो.

नवे पॅड बसवून थेट जोरात मारले तर डिस्कवर डाग बसतात, स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. बेडिंग (नवा पॅड डिस्कशी जुळवून घेणं) पहिल्या सेशनमध्ये ट्रॅकवरच करा: शंभरवरून तीसपर्यंत आठ-दहा वेळा, दर वेळी जरा जास्त दाब, पण पूर्ण थांबायचं नाही. मग एक लॅप ब्रेक न वापरता, मग पिटमध्ये पंधरा मिनिटं.

हे करूनही ऑइल उकळलं तर फॉग लॅम्पच्या जागेतून अडीच-तीन इंची पाइप डिस्कच्या मध्यभागी, आतल्या बाजूला न्या. व्हेंटिलेटेड डिस्क हवा मधून ओढून कडेने फेकते, त्यामुळे बाहेरच्या कडेवर सोडलेली हवा जवळपास फुकट जाते. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाइप टायरला लागत नाही ना ते बघा.

वजा_दोन

टायरचा मुद्दा. बाहेरच्या कडा खाल्ल्या जातात याचं कारण कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक किती कललंय तो कोन; वजा म्हणजे वरची बाजू आत. स्टॉक स्विफ्टला पुढे जवळपास शून्य कॅम्बर असतो, गाडी वळणात झुकली की टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो. डावा जास्त, कारण उजवी वळणं जास्त आणि लांब असली की सगळं वजन त्याच्यावर.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, तो खाली नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी धरलेला असतो. त्यातला वरचा बोल्ट काढून एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट घातला की साधारण एक ते दीड अंश मिळतो. गाडी रोज चालवणार असाल तर वजा दीडवर थांबा आणि टो (वरून पाहिल्यावर चाकं समोर आत किंवा बाहेर किती वळलीत ते) शून्य ठेवा. वजा दोन-अडीच आणि टो-आउट ही ट्रॅकची सेटिंग हायवेवर बाराशे किलोमीटर आतली कड घासत नेते. कॅम्बर हलवला की टो बिघडतोच, म्हणून अलाइनमेंटवाल्याला सांगा: आधी कॅम्बर, मग टो. आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं काहीतरी ठेवून माप घ्यायला लावा. तो हसेल, हसू दे.

हवा. थंड असताना पुढे २९, मागे २८ पीएसआयपासून सुरुवात करा. चार लॅपनंतर पिटमध्ये आल्या आल्या, एका मिनिटाच्या आत मोजा. रोडच्या टायरला गरम असताना ३४ ते ३६ च्या मध्ये आणायचंय. जास्त असेल तर सोडा. टायरच्या खांद्यावर खडूने किंवा पांढऱ्या बूट पॉलिशने तीन ठिकाणी आडवी रेघ ओढा. रेघ साइडवॉलपर्यंत पुसली गेली तर हवा कमी, ट्रेडच्या कडेलाही पुसली नाही तर हवा जास्त. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो. सकाळी सातला लावलेली हवा दुपारी एकच्या उन्हात गाडी नुसती उभी असतानाच दोन पीएसआय वर गेलेली असते. दुपारच्या सेशनला पुन्हा मोजा. दिवसभर स्वतःचा एकच गेज वापरा. पेट्रोल पंपावरच्या मीटरशी तुलना करू नका.

आणि एक: कोरा करकरीत टायर ट्रॅकवर नेऊ नका. आठ मिलिमीटरचे उंच ब्लॉक वळणात डुलतात, तापतात आणि तुकडे उडतात. चार-पाच मिलिमीटर उरलेला टायर जास्त चांगला. साइडवॉलवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच वर्षांपुढचा टायर ट्रेड कितीही असला तरी नको.

दुसरा_गिअर (पुणे)

आभार. दोन शंका. ब्रेक लवकर आणि हळू दाबले तर कमी तापतील ना? मी तेच करतोय. आणि अंडरस्टिअर (स्टिअरिंग फिरवूनही नाक बाहेरच सरकणं) कमी करायला मागच्या टायरची हवा वाढवतात असं वाचलं, करू का?

घाट_उतार

उलट आहे. गाडी आणि तुम्ही मिळून साधारण १०५० किलो. १३० वरून ६० वर यायला सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते, हळू दाबा नाहीतर जोरात. त्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त पुढच्या दोन डिस्कवर. एक डिस्क साडेचार किलोची धरली तर एका ब्रेकिंगला तिचं तापमान नव्वदेक अंशांनी चढतं. म्हणजे उष्णता तेवढीच, फरक वेळेचा. हळू आणि लांब दाबलं की पॅड डिस्कला जास्त वेळ चिकटून राहतो, उष्णता कॅलिपरमध्ये मुरते आणि पुढच्या वळणापर्यंत हवेने थंड व्हायला कमी वेळ उरतो. कारी २.१ किलोमीटरचा आहे, वळणामागून वळण. डिस्कला श्वास घ्यायला जागाच नाही. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, तिथे वेग जास्त पण मधे मोकळं अंतरही जास्त. ज्याचे ब्रेक कारीवर टिकत नाहीत त्याने आधी पाय सुधारावा.

पाय असा: सरळ रेषेत, पहिल्याच क्षणी जवळजवळ पूर्ण दाब. लाथ नको, अर्ध्या सेकंदात चढवत नेलेला दाब. वजन पुढे आलं की टायर जास्त धरतो, मग आणखी दाबता येतं. वेग उतरेल तसं हळूहळू सोडत वळणात शिरायचं. नवशिक्यांचं नेमकं उलट होतं: सुरुवातीला भीत भीत, शेवटी घाबरून जोरात, आणि स्टिअरिंग फिरवलेलं असताना एबीएस कटकटत राहतं. ब्रेकिंगची खूण म्हणून कडेचा बोर्ड किंवा डांबराचा जोड धरा. सावली धरू नका, ती दुपारी सरकते. खूण दर लॅपला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त पुढे नेऊ नका.

अंडरस्टिअर ऐंशी टक्के वेळा ड्रायव्हर तयार करतो: वेगात शिरला, मग जास्त स्टिअरिंग फिरवलं, मग अॅक्सिलरेटर लवकर दिला. स्टिअरिंग थोडं कमी फिरवून बघा, नाक आत येईल.

मागची हवा वाढवण्याबद्दल. हो, मागची पकड कमी होऊन गाडी जास्त वळते. पण हलक्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत वळणाच्या मध्ये अॅक्सिलरेटर झटकन सोडला की मागचा भाग सुटतो, आणि नवशिक्या घाबरला की पहिल्यांदा तेच करतो. सध्या करू नका. मागची सीट आणि स्टेपनी काढून ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे, मागे वजन आणखी कमी होतं. स्टेपनी ट्रॅकवर काढाच, ती सुटली तर आत दगडच; पण सीट राहू द्या.

वजा_दोन

मागच्या हवेबद्दल थोडा वेगळा सूर. दोन पीएसआयने काही आभाळ कोसळत नाही, आणि स्टॉक स्विफ्ट इतकी पुढे ढकलते की पुढचे टायर दिवसात संपतात. पण कॅम्बर केल्यावर आधी एक पूर्ण दिवस तसाच चालवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

तेलकट_हात

ऑइलचा दिवा कोणी घेतलाच नाही, आणि यादीतली सगळ्यात महाग गोष्ट तीच. या इंजिनात तीनेक लिटर ऑइल. लांब वळणात ते संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) एका बाजूला जातं, पिकअप पाइप हवा ओढतो, दिवा लुकलुकतो. त्या क्षणी क्रँकच्या बेअरिंगवर ऑइलची फिल्म नसते. एक-दोनदा चालून जातं, मग एक दिवस खालून ठोकल्यासारखा आवाज येतो आणि इंजिन उघडावं लागतं.

पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी, डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर बरोबर ठेवा. मधोमध असेल तर तेच कारण. खुणेच्या फार वर भरू नका, क्रँक ऑइल घुसळून फेस करते आणि फेसाला दाब नसतो. ग्रेड मॅन्युअलमध्ये चालणाऱ्यांपैकी जाड घ्या. दर सेशननंतर डिपस्टिक काढायचीच, उंच आरपीएमला ही इंजिनं थोडं ऑइल खातात. वरच्या खुणेवर असूनही दिवा लागला तर त्या दिवशी ते वळण हळू घ्या आणि घरी आल्यावर संप उतरवून आत बॅफल प्लेट (ऑइल एका बाजूला पळू न देणारी पट्टी) लावून घ्या.

पेट्रोलचंही तसंच. टाकी पावच्या खाली असेल तर वळणातून बाहेर पडताना गाडी अडखळते आणि लोक प्लग, कॉइल बदलत बसतात. अर्धी टाकी ठेवा.

ओबीडी डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) घेऊन फोनवर कूलंटचं तापमान बघा. ११० च्या वर गेलं की एक लॅप वरच्या गिअरमध्ये हळू, हीटर फुल.

स्क्रुटिनी_टेबल

केज आणि बेल्टचं उत्तर: दोन्ही आत्ता नको.

रोडवर रोज चालवायच्या गाडीत केज धोकादायक असतो. ऑफिसला जाताना हेल्मेट नसतं आणि डोक्यापासून वीतभर अंतरावर स्टीलचा पाइप. केज घालायचा तर गाडी फक्त ट्रॅकची करायची आणि नियमाप्रमाणे घालायचा. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमावलीतल्या अपेंडिक्स जे, कलम २५३ नुसार मुख्य हूपला (ड्रायव्हरच्या मागच्या कमानीला) ४५ गुणिले २.५ किंवा ५० गुणिले २ मिलिमीटरचा, इतर मुख्य भागांना ३८ गुणिले २.५ किंवा ४० गुणिले २ चा कोल्ड-ड्रॉन सीमलेस पाइप लागतो. फॅब्रिकेटर गेटसाठी वापरतो तो शिवणीचा पाइप वाकवून, ग्राइंड करून, रंगवून छान दिसतो. तपासणीला तो चालत नाही आणि उलटल्यावर शिवणीत फाटतो.

केज नसताना फोर-पॉइंट बेल्ट त्याहून वाईट. गाडी उलटली आणि छत दबलं तर तीन-पॉइंट बेल्टमध्ये अंग बाजूला झुकतं, फोर-पॉइंट तुम्हाला ताठ बसवून ठेवतो. कंपनीचा बेल्टच वापरा. वळणात सीटमध्ये सरकत असाल तर सीट एक खाच मागे घ्या, बेल्ट झटका देऊन लॉक करा आणि लॉक असतानाच सीट पुढे आणा. कमरेला घट्ट बसतो.

पैसे हेल्मेटवर घाला. स्नेल एसए किंवा एफआयए ८८५९ (दोन्ही मोटरस्पोर्टच्या हेल्मेटचे सुरक्षा दर्जे) चं स्टिकर असलेलं. मोटरसायकलचं हेल्मेट काही ट्रॅक डेला चालवून घेतात, पण शर्यतीत नाही: एसए प्रकारात आगीची आणि केजच्या पाइपवर आदळण्याची चाचणी असते, मोटरसायकलच्यात नसते. स्टिकर आतल्या अस्तराखाली असतं, ते सोलून काढू नका, तपासणारा तेच बघतो. ओव्हरऑल, हातमोजे, बूट एफआयए दर्जाचेच लागतील. आयोजकांच्या नियमपत्रात कोणत्या वर्षाचा दर्जा चालेल ते लिहिलेलं असतं. खरेदी ते वाचून करा.

स्पर्धेसाठी एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचं) लायसन्स काढावं लागतं, दर वर्षी नवं, मेडिकल सर्टिफिकेटसह. रक्तगट ओव्हरऑलवर आणि गाडीवर लिहा.

तपासणीत गाड्या परत पाठवल्या जातात त्या फार साध्या कारणांनी: हलणारी बॅटरी, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट, टो हुक नसणं, व्हील बेअरिंगचा प्ले, इंजिनाखाली ओलं ऑइल. आदल्या दिवशी बॅटरी हाताने हलवून बघा. चाक वर उचलून बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा.

विमा: खासगी गाडीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, स्पीड टेस्टिंग यांना संरक्षण नसतं, तिथे झालेलं नुकसान तुमच्या खिशातून. आणि गाडीत बदल करून तीच रोडवर चालवणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (वाहनातल्या बदलांवरची बंधनं) वाचून ठेवा. ताम्हिणीत किंवा पहाटेच्या एक्स्प्रेसवेवर सराव करणाऱ्यांसाठी कलम १८९ आहे: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लायसन्स काढायला निघालेल्या माणसाने तिकडे फिरकूच नये.

घाट_उतार

सराव स्वस्तात हवा असेल तर ऑटोक्रॉस, म्हणजे छोट्या आखलेल्या मार्गावर एकेका गाडीने वेळ नोंदवणं. आपल्याकडे ते बहुतेक वेळा मातीच्या मैदानावर असतं, वेग कमी, ब्रेक तापत नाहीत, आणि गाडी घसरली की काय करायचं ते पायांना कळतं. फक्त नंतर एअर फिल्टर साफ करा आणि ड्रम उघडून माती काढा.

झेंडे पाठ करा. पिवळा: धोका, वेग कमी, ओव्हरटेक नाही. निळा: मागून वेगवान गाडी येतेय. लाल: सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये, जागच्या जागी ब्रेक मारू नका, मागचा येऊन आदळतो. काळा, नारिंगी ठिपक्यासह आणि तुमचा नंबर: तुमच्या गाडीत काहीतरी बिघाड आहे, बहुतेक ऑइल सांडतंय, लाइन सोडून आत या. पिवळा-लाल पट्ट्यांचा: पुढे निसरडं आहे, आणि ते ऑइल नेहमी रेसिंग लाइनवरच असतं.

दुसरा_गिअर (पुणे)

म्हणजे क्रम: ब्रेक ऑइल, पॅड, हेल्मेट, कॅम्बर बोल्ट आणि अलाइनमेंट, मग उरलेल्यात एन्ट्री फी आणि टायर. रिमॅप रद्द. पिटमध्ये आल्यावर नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

तेलकट_हात

शेवटचा लॅप ब्रेक न वापरता. पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही: तापून फुगलेला ड्रम थंड होताना लायनरवर आवळला जातो आणि चाक जाम होतं. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडी ठोकळा लावा. फूटब्रेकवर पाय ठेवून गप्पा मारत बसू नका, गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. बॉनेट उघडा, टायरची हवा मोजा, मग पाच मिनिटांनी डिपस्टिक.

चाकाचे नट थंड झाल्यावर टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या आकड्यावर, एकाआड एक. गरम असताना आवळलेले नट थंड झाल्यावर वेगळाच टॉर्क दाखवतात. तुमचे अलॉय बाहेरचे आहेत, त्यामुळे हबची प्लास्टिकची रिंग काढून बघा. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा, बाहेरच्या चाकाचं भोक मोठं असतं आणि मधली प्लास्टिकची रिंग ब्रेकच्या उष्णतेने वितळते. अॅल्युमिनियमची घ्या. परतीच्या प्रवासाला निघण्याआधी नट पुन्हा एकदा, आणि हायवेवर पन्नासेक किलोमीटरवर चहाला थांबाल तेव्हा आणखी एकदा.